बुरूड राजाचा कोट

पाठ्यपुस्तकांत सोपारा येते ते बंदर म्हणून. परदेशांशी चालणारा व्यापार, सातवाहनांचे वैभव, आणि धडा संपला. पण सोपारा, म्हणजे जुने शूर्पारक, बंदर होते तितकेच तीर्थही होते. आणि तेही एकाच धर्माचे नव्हे. मालाडहून विरार लोकल पकडली की नालासोपारा आठवे स्टेशन. माझ्या वर्गात मालवणीची मुले बरीच. भाडे परवडेना म्हणून त्यांच्यापैकी काहींचे नातेवाईक नालासोपाऱ्याला राहायला गेले. या मुलांना ते नाव ठाऊक आहे ते गर्दीसाठी आणि पाण्याच्या टँकरसाठी. तेथे अशोकाचा शिलालेख सापडला, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

स्टेशनच्या पश्चिमेला एक टेकाड आहे. लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत आले. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खोदले, तेव्हा तो कोट नसून स्तूप असल्याचे दिसले. आत दगडी पेटी होती. तिच्यात तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे एकात एक बसवलेले करंडक. आणि सर्वांत आतल्या करंडकात काय, तर मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते जपले असावेत, असे भगवानलालांनी मानले. सोन्याच्या पोटात खापर जपणारी ही श्रद्धा मला कोणत्याही रत्नजडित मूर्तीपेक्षा मोठी वाटते. सोबत यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे होते, आणि सात बुद्धांच्या व मैत्रेयाच्या मिळून आठ कांस्यमूर्ती. अभ्यासक या मूर्ती आठव्या-नवव्या शतकातील मानतात. म्हणजे या ठिकाणी कित्येक शतके बुद्धपूजा चालू होती.

येथील बौद्ध परंपरेचा नायक पूर्ण. ‘दिव्यावदान’ या ग्रंथातली त्याची कथा ही कथाच आहे, इतिहास नव्हे. पण कथाही समाजाची साक्ष देते. शूर्पारकचा एक धनिक आजारी पडला. बायको-मुलांनी पाठ फिरवली. दासीने सेवा केली. तिच्या पोटी पूर्ण जन्मला. बाप मेल्यावर सावत्र भावांनी वाटणी केली. एका वाट्यात घर-शेती, दुसऱ्यात दुकान आणि परदेशचा व्यापार, आणि तिसऱ्या वाट्यात खुद्द पूर्ण! दासीचा मुलगा वाटेकरी कसा होईल? तो तर वाटून घ्यायची वस्तू. याच वस्तूने पुढे समुद्र पालथा घातला, बुद्धाचा धम्म स्वीकारला आणि शूर्पारकात तथागतासाठी चंदनाचा प्रासाद उभारला. दासीपुत्राच्या हातून तीर्थ घडल्याचे सांगणाऱ्या कथा आपल्या देशात फार नाहीत.

ब्राह्मणी परंपरेची कथा वेगळी आहे. महाभारतात परशुरामाने पृथ्वी कश्यपाला दान दिली आणि समुद्राने त्याला शूर्पारकाची भूमी करून दिली. दोन्ही कथा एकाच गावात नांदत होत्या, याला दगडी पुरावा आहे. नाशिकच्या दहाव्या लेण्यातील लेखात नहपानाचा जावई उषवदात आपली दाने मोजतो. ब्राह्मणांना तीन लाख गायी, बौद्ध भिक्षूंना हे लेणे, सोपाऱ्यात धर्मशाळा; आणि सोपाऱ्याच्या रामतीर्थासह चार ठिकाणच्या चरकांना नारळाची बत्तीस हजार झाडे. ती झाडे कोणी लावली, त्यांना पाणी कोणी घातले, हे मात्र लेखात नाही.

चौदाव्या शतकात जिनप्रभसूरी सोपाऱ्याला जैनांच्या चौऱ्याऐंशी तीर्थांत गणतात. अरब प्रवासी मसूदीच्या ग्रंथात या बंदराचा उल्लेख दहाव्या शतकातच आला होता. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. जॉर्डेनस नावाच्या पाद्र्याने त्यांचे देह सोपाऱ्याला आणून तेथील ख्रिस्ती देवळात पुरले. म्हणजे पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षे आधी येथे ख्रिस्ती प्रार्थनास्थळ होते.

या सगळ्याला ‘सर्वधर्मसमभाव’ असे नाव देऊन मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि देवळे पडली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर शेजारच्या निर्मळची देवस्थाने पुन्हा उभी राहिली. पण त्या पेशवाईत अस्पृश्याला तीर्थाच्या पाण्याचा काय अधिकार होता, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको; महाडच्या तळ्यासाठी १९२७ साल उजाडावे लागले. अनेक देव एका गावात राहू शकतात, त्यांना अडचण नसते. त्या गावात माणसे एका पाणवठ्यावर येतात का, हा प्रश्न निराळा आहे.

सोपाऱ्यात भगवानलालांना अशोकाच्या ज्या लेखाचा तुकडा मिळाला, तो चौदांपैकी आठवा. त्याचा विषय नेमका यात्रा हाच! पूर्वीचे राजे शिकारीच्या विहारयात्रांना जात. अशोक राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला गेला, तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रेत काय करायचे? श्रमण-ब्राह्मणांना भेटून दान द्यायचे, वृद्धांना मदत करायची, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून त्यांच्याशी धम्माबद्दल बोलायचे. स्नानाचे पुण्य त्यात नाही. नववा लेख जवळच भुईगावला सापडला तो १९५६ साली, धम्मदीक्षेच्या वर्षी. आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना लोक करतात ते विधी फारसे फळ देत नाहीत. दास आणि चाकर यांच्याशी नीट वागणे हे खरे मंगल, असे तो सांगतो. (निरर्थक विधींचा दोष तो विशेषकरून स्त्रियांवर टाकतो, ते मला खटकते.)

उरतो तो बुरूड राजा. बुरूड म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपे विणणारी जात, आज महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत असलेली. आणि शूर्प म्हणजेही सूपच. या दोन नावांचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही, आणि ओढूनताणून करूही नये. पण गावाला बुद्धाचा विसर पडला, तेव्हा या टेकाडाला त्याने परशुरामाचे नाव दिले नाही, कोणा क्षत्रियाचेही दिले नाही. सुपे विणणाऱ्याला राजा केले. लोकस्मृतीतल्या या नावाचा शोध आपल्या विद्यार्थ्यांनी घ्यायला हवा. बुरुडांच्या वस्त्यांत जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारायला हवे.

करंडक पाहायचे तर एशियाटिक सोसायटीकडे विचारावे लागते. आठव्या लेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. म्हणून आम्ही मुलांना आधी चर्चगेटच्या गाडीने नेतो, आणि मग दुसऱ्या रविवारी विरारच्या.