चित्राची साक्ष

गुन्हा घडला हें सिद्ध करणें ही एक गोष्ट. तो आरोपीच्या पिंजऱ्यांत उभ्या असलेल्या याच मनुष्यानें केला, हें सिद्ध करणें ही अगदीं निराळी गोष्ट. फौजदारी न्यायाचा बराचसा इतिहास या दोहोंमधील अंतर तोडण्याच्या प्रयत्नांनीं भरलेला आहे.

सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनीं रचलेला पुराव्याचा कायदा १८७२ सालीं हिंदुस्थानांत अमलांत आला, तेव्हां मनुष्य ओळखण्याचें मुख्य साधन म्हणजे दुसऱ्या मनुष्याचे डोळे. ओळखपरेडींत साक्षीदारानें रांगेसमोरून फिरावें आणि एकाकडे बोट दाखवून 'हाच तो' म्हणावें. परंतु भयाच्या क्षणीं, अंधुक उजेडांत पाहिलेला चेहरा स्मृति किती प्रामाणिकपणें जपते? म्हणूनच यंत्राची साक्ष पुढें आली तेव्हां ती हवीशी वाटली. यंत्राला भय नाहीं, वैर नाहीं, विस्मृति नाहीं.

मात्र यंत्राला शपथहि घेतां येत नाहीं, आणि त्याची उलटतपासणी होऊं शकत नाहीं. मुंबईच्या कॉरोनरवरील लांचेच्या खटल्यांत १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ध्वनिफीत ग्राह्य मानली, ती तीन अटींवर: संभाषण प्रकरणाशीं संबद्ध असावें, आवाज कोणाचा हें ओळखतां यावें, आणि फितींत खाडाखोड झाली नसल्याची खात्री पटावी. पुढें २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं छत्रपति शिवाजी टर्मिनसवर सेबॅस्टियन डिसोझा या वृत्तछायाचित्रकारानें अजमल कसाबचीं छायाचित्रें टिपलीं. खटल्यांत डिसोझा यांनीं स्वतः साक्ष दिली. चित्रामागें शपथ घेणारा मनुष्य उभा राहिला.

भिंतीवर टांगलेल्या कॅमेऱ्यामागें असा मनुष्य नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठीं २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें पुराव्याच्या कायद्यांत ६५-ब हें कलम घातलें. नोंद कोणत्या यंत्रांतून व कशा रीतीनें निघाली, हें त्या यंत्राचा कारभार पाहणाऱ्या जबाबदार व्यक्तीनें सही करून सांगावें, असा त्याचा आशय. तें प्रमाणपत्र म्हणजे मुक्या यंत्राच्या वतीनें दिलेली ग्वाहीच. सप्टेंबर २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, अशा प्रमाणपत्रावांचून नोंदीची प्रत पुराव्यांत घेतांच येणार नाहीं.

या नियमाची कठोर कसोटी मुंबईच्या उपनगरांतील एका खटल्यांत लागली. ५ जानेवारी २०१४ रोजीं पहांटे कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर एक तरुण संगणक-अभियंता गाडींतून उतरली. तिला अंधेरीच्या वसतिगृहांत जावयाचें होतें. ती तेथें पोहोंचली नाहीं. १६ जानेवारीस कांजुरमार्ग-भांडुप भागांत द्रुतगति मार्गालगतच्या झुडपांत तिचा मृतदेह सांपडला. मार्चमध्यें एकास अटक झाली. स्थानकावरील सीसीटीव्हींत तिच्याबरोबर दिसणारा पुरुष हाच, असा सरकारपक्षाचा दावा होता. ऑक्टोबर २०१५ मध्यें विशेष न्यायालयानें त्यास मृत्युदंड दिला, आणि डिसेंबर २०१८ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तो कायम केला.

२८ जानेवारी २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्याची मुक्तता केली. चित्रफितीबरोबर प्रमाणपत्र दाखलच झालेलें नव्हतें. म्हणून ती पुराव्यांतून गळाली. उरलेल्या साक्षी, न्यायालयाबाहेरचा कबुलीजबाब व जप्त वस्तु यांतून परिस्थितीची अखंड सांखळी उभी राहत नाहीं, असें न्यायालयास आढळलें. एक मनुष्य नऊ वर्षें फांसाच्या छायेंत राहिला, आणि त्या मुलीच्या आप्तांना खुनी कोण याचें उत्तर मिळालें नाहीं.

एका कागदावांचून एवढा खटला कोसळावा काय, असें कोणी विचारील. परंतु ज्या फितीची जबाबदारी घ्यावयास कोणी पुढें येत नाहीं, तिच्या बळावर फांशी देणें अधिक भयंकर होय. शिवाय कायदा अशक्य कांहीं मागत नाहीं. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक-वादांत निर्णय-अधिकाऱ्याच्या कार्यालयांतील चित्रफितींवरून हाच प्रश्न उठला होता. १४ जुलै २०२० च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें प्रमाणपत्राची सक्ति कायम ठेवली, पण वाटाहि दाखविल्या: मूळ यंत्रच त्याच्या मालकानें साक्ष देऊन हजर केलें तर प्रमाणपत्र नको, आणि अधिकारी तें देत नसेल तर न्यायालयामार्फत मागवितां येतें.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचें ६३ वें कलम लागू झालें आहे. त्यांत प्रमाणपत्राचे दोन भाग असून दुसरा तज्ज्ञानें भरावयाचा असतो. नोंदीचें हॅश मूल्यहि त्यांत द्यावें लागतें. हें मूल्य म्हणजे नोंदीची अंकमुद्राच. नोंदींत तिळमात्र बदल झाला तरी ती बदलते.

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत आज स्थानकांवर, दुकानांत व गृहनिर्माण संस्थांच्या दारांत कॅमेरे जागे आहेत. उद्यां एखाद्या संस्थेच्या चिटणीसाकडे पोलिस फीत मागावयास आले, तर नुसती प्रत हातीं देऊन त्याचें काम संपत नाहीं. प्रमाणपत्रावरील त्याच्या सहीवर एखाद्या निरपराधाची सुटका किंवा एखाद्या अपराध्याची शिक्षा अवलंबून असेल.