बोरू, टाक आणि बॉलपेन : लेखणीच्या टोकाचा कागदोपत्री पुरावा

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळ यांच्या दरम्यान शेलू हे लहानसे स्थानक आहे. कर्जत व खालापूर या तालुक्यांतील इतर अनेक गावांप्रमाणे येथेही गेल्या काही दशकांत भातखाचरांच्या जागी वसाहती उभ्या राहू लागल्या. आणि जमिनीला भाव आला म्हणजे जुने कागद पेटाऱ्यांतून बाहेर पडतात हा सर्वत्रचा अनुभव आहे. खंडाच्या पावत्या, वाटणीपत्रे, गहाणखते, कुळाच्या कबुलायती, उताऱ्यांच्या नकला असे हे कागद असतात. असा कागद हाती आला की अभ्यासक मिती पाहतो, नावे पाहतो, शिक्का पाहतो, अक्षराचे वळणही पाहतो. ज्या टोकातून ते अक्षर कागदावर उतरले त्या टोकाकडे मात्र तो क्वचितच लक्ष देतो. वास्तविक प्रत्येक जातीचे टोक शाई आपापल्या रीतीने सोडते आणि त्या रीतीची खूण मागे ठेवते. ही खूण वाचता आली तर कागदाचे वय ठरविण्याच्या कामी तिचा किती उपयोग होतो, आणि कोठे होत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

लेखणी कोणतीही असो, तिच्यापुढील अडचण एकच असते. शाई टोकाशी आली पाहिजे, परंतु आपण होऊन खाली पडता कामा नये. टोक कागदाला लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढीच ती उतरली पाहिजे. बोरूच्या बाबतीत ही व्यवस्था लिहिणाऱ्याच्या चाकूवर अवलंबून असे. वेताच्या जातीच्या पोकळ काडीचे टोक तिरपे छाटावयाचे, आतला गर खरवडून काढावयाचा, आणि टोकाला मधोमध एक बारीक चीर द्यावयाची. या चिरेत केशाकर्षणाने शाई धरली जाते व टोक कागदावर दाबले की चिरेच्या दोन्ही बाजू किंचित फाकून ती खाली येते. चीर फार लांब झाली तर डाग पडतो, आखूड राहिली तर अक्षर कोरडे उमटते. टोक झिजले की पुन्हा छाटावे लागे. दौतीतील शाई ही बहुधा काजळ आणि बाभळीचा डिंक घोटून केलेली असे. काजळाचे कण पाण्यात विरघळत नाहीत, ते नुसते तरंगत राहतात. म्हणून ती जितकी अधिक घोटावी तितका तिचा ओघ सुरळीत.

या बाबीचे महत्त्व आपल्या पूर्वजांस पुरते ठाऊक होते. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिलेला आहे. हा ग्रंथ ज्या शिवथरघळीत रचला गेला असे परंपरा मानते ती घळ आजच्या रायगड जिल्ह्यातच, महाडकडील डोंगरात आहे. निरनिराळ्या देशींचे बोरू आणावेत, ते घट्ट, बारीक व सरळ पाहून घ्यावेत, शाई घोटावी, टाक नाना प्रकारे तोडावेत, अशा तपशिलात समर्थ उतरतात. आणि ग्रंथाचे पहिले अक्षर व शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे अशी कसोटी लावतात. ही कसोटी केवळ सौंदर्याची नव्हे. ग्रंथ पुरा होईपर्यंत लेखकाने बोरू कितीदा तरी छाटलेला असणार. टोक बदलूनही ओघ बदलू न देणे हे त्या काळच्या लेखकाचे खरे कसब होते, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

दफ्तरातील कारकुनाला मात्र ग्रंथलेखकाइतकी सवड नसे. तो मोडी लिहीत असे. मोडीचा उगम हेमाडपंतांकडे नेण्याची परंपरा विवाद्य आहे. येथे तिचे कारण नाही. आपणांस महत्त्वाचे आहे ते तिचे लेखनतंत्र. प्रथम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढून घ्यावयाची आणि मग अक्षरे शक्य तो हात न उचलता तिला लटकवीत जावयाची. हात उचलणे जितके कमी तितका वेग अधिक. परंतु बोरूच्या पोटात शाई थोडीच राहते. काही शब्द झाले की ओळ फिकी होऊ लागते, बोरू दौतीत जातो, आणि पुढचे अक्षर एकदम काळेभोर उमटते. शिवकालीन किंवा पेशवेकालीन कागद उजेडासमोर धरला असता ही गडद-फिक्याची लय डोळ्यांना स्पष्ट दिसते. एका बैठकीत, एका हाताने लिहिलेल्या मजकुरात ती साधारण एकसारखी चालते. दोन ओळींच्या मध्ये मागाहून कोणी रक्कम किंवा नाव घुसविले असेल तर तेथे ही लय मोडते. पेशवे दफ्तरातील मोडी वाचणारे जुने वाचक अक्षर अडले की बुडीची जागा शोधीत की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. नव्या विद्यार्थ्याने मात्र ती सवय लावून घेण्याजोगी आहे. बुडीची जागा लिहिणाऱ्याचा हात कोठे थांबला हे दाखविते, आणि हात बहुधा शब्द संपल्यावर थांबतो. शब्दांत जागा न सोडणाऱ्या लिपीत ही मदत थोडी नव्हे.

इंग्रजी अंमलाबरोबर पोलादी टाक आला. १८२० नंतर बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी यंत्राने टाक पाडण्यास आरंभ केला, आणि कापण्याचे काम लेखकाच्या हातातून कारखानदाराकडे गेले. तत्त्व बोरूचेच राहिले: मधोमध चीर, दोन बाजूंस लवचीक पाती. पोलाद कागदात रुतते, म्हणून टाकाने दाबून काढलेल्या रेघेच्या दोन्ही कडांना दोन बारीक चरे पडतात आणि तेथे शाई अधिक साचते. भिंगाखाली अशी रेघ रुळांच्या जोडीसारखी दिसते. काजळाच्या शाईऐवजी लोहयुक्त शाई, म्हणजे हिराकस आणि हिरड्यासारख्या तुरट द्रव्यांपासून होणारी, टाकाबरोबर अधिक प्रचारात आली. ती कागदात मुरते आणि काळाने तपकिरी होते. १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉटरमन याने झरणीच्या पोटातून शाई बाहेर येताना तेवढीच हवा आत जावी अशी खाचांची योजना पेटंट केली, आणि बुडीची लय संपली. झरणीने लिहिलेल्या पानावर गडद-फिक्याची ती लाट दिसत नाही. मुंबईत १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी शाईची पूड व वड्या करण्याचा जो उद्योग सुरू केला व जो पुढे कॅम्लिन या नावाने सर्वपरिचित झाला, त्याला गिऱ्हाईक या टाक-झरणीच्या पिढीनेच दिले.

येथवर टोकाचे तत्त्व एकच होते, ते म्हणजे चीर. बॉलपेनने चीर टाकून दिली आणि तिच्या जागी फिरती गोळी बसविली. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील जॉन लाउड याने चामड्यावर खुणा करण्यासाठी अशा लेखणीचे पेटंट १८८८ मध्येच घेतले होते. परंतु कागदावर लिहिण्याच्या कामी ती निरुपयोगी ठरली, कारण शाई पातळ असली तर गोळीच्या कडेने गळे आणि दाट असली तर अडे. हंगेरीतील पत्रकार लास्लो बिरो याच्या ध्यानात आले की वृत्तपत्राच्या छपाईची शाई चटकन वाळते, पण ती चिरेतून उतरत नाही. तेव्हा शाई बदलावयाची तर टोकही बदलले पाहिजे. त्याचा भाऊ रसायनज्ञ होता. दोघांनी मिळून टोक आणि शाई ही एकाच प्रश्नाची दोन अंगे मानली, यातच त्यांच्या यशाचे बीज आहे. ब्रिटनमध्ये १९३८ मध्ये त्यांनी पेटंट मागितले, आणि पुढे अर्जेंटिनात आश्रय घेतल्यावर १९४३ मध्ये नवे पेटंट घेतले. ऑक्टोबर १९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रेनल्ड्स याचे बॉलपेन साडेबारा डॉलरला विकले जाऊ लागले, आणि ते गळते म्हणून लवकरच बदनामही झाले. स्वस्त व भरवशाचे पेन फ्रान्समध्ये मार्सेल बिक याने १९५० च्या अखेरीस बाजारात आणले.

या टोकाची रचना समजून घेणे अगत्याचे आहे. पितळेच्या किंवा पोलादाच्या बारीक तारेचा तुकडा घेऊन त्याला आरपार छिद्र पाडतात. तोंडाशी गोळीसाठी वाटीसारखी बैठक करतात आणि बैठकीत शाई यावी म्हणून काही सूक्ष्म खाचा कोरतात. गोळी बसविल्यावर वाटीची कड आत वळवितात, जेणेकरून गोळीचा अर्ध्याहून अधिक भाग आत अडकतो आणि थोडासाच बाहेर राहतो. गोळी आणि कड यांच्यातील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. फट जरा मोठी झाली की शाई पाझरते, जरा लहान झाली की गोळी अडते. कागदाशी होणाऱ्या घर्षणाने गोळी फिरते, आतल्या बाजूने शाईचा पातळ थर अंगावर घेते व बाहेर येऊन तो कागदावर ठेवते. म्हणूनच गुळगुळीत किंवा तेलकट कागदावर बॉलपेन चालत नाही. गोळीला फिरविणारे काही उरत नाही. शाई मधासारखी दाट असल्याने आपण होऊन वाहत नाही, आणि बिकच्या पेनाच्या नळीला बाजूस जे बारीक छिद्र असते ते आतला व बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून. गोळी प्रथम पोलादाची असे. पुढे टंगस्टन कार्बाइडची आली. ती झिजत नाही आणि तिच्या खरबरीतपणामुळे कागदावर पकड राहते. हे काम किती अवघड आहे याचा दाखला फार जुना नाही. जगातील बहुसंख्य बॉलपेने तयार करणाऱ्या चीनला टोकासाठी लागणारे पोलाद दीर्घकाळ परदेशांतून आणावे लागे. त्या देशात ते तयार झाल्याची वार्ता २०१७ मध्ये आली.

इतकी काटेकोर रचना असूनही गोळी आपली चूक लपवू शकत नाही. वळणावर कडेशी साचलेली शाई एखाद्या ठिकाणी ठिपक्यासारखी सांडते. कडेवर बारीकसा खरबा असेल तर तो गोळीवरची शाई खरवडतो आणि रेघेच्या पोटात पांढरा ओरखडा राहतो. वळणदार रेघेत हा ओरखडा आतल्या कडेकडून बाहेरच्या कडेकडे जातो, त्यावरून हात कोणत्या दिशेने फिरला ते कळते. लिहावयास आरंभ करताना वाळलेली गोळी पहिले अंगुळभर कोरडेच ओढते. आणि जोर द्यावा लागत असल्याने कागदावर एकच गोल चर पडतो, जो मागील बाजूस बोटाला लागतो. बोरूची लाट, टाकाचे जोडरूळ, गोळीचा हा एकेरी चर: या तीन खुणा साध्या भिंगाने ओळखता येतात.

आता शेलूकडे वळू. समजा, एखाद्या जमिनीविषयी १९३५ सालची म्हणून खंडाची पावती पुढे आली आणि तिच्यावरील सही गोळीच्या टोकाची निघाली. ती सही १९३५ ची नव्हे हे सांगावयास दुसरा पुरावा नको. १९४५ पूर्वी हे टोक विक्रीस आलेलेच नव्हते म्हटले तरी चालेल, आणि गावकामगारांच्या हाती ते पडावयास आणखी काही वर्षे गेली असणार. शाईचे रसायन ही मर्यादा अधिक आवळते: बॉलपेनच्या आरंभीच्या तेलाच्या शाया १९५० च्या सुमारास मागे पडून ग्लायकोलच्या आल्या, तांबे-थॅलोसायनीनचे निळे रंग १९५४ च्या सुमारास, जेल शाई १९८४ मध्ये. या तारखांना कर्जत-खालापुरात विशेष अर्थ आहे. कुळकायदा १९४८ चा, आणि कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला जाण्याची तारीख १ एप्रिल १९५७. याच सुमारास मोडी शाळांतून व सरकारी व्यवहारातून मागे पडत होती आणि बॉलपेन येऊ घातले होते. त्या दिवशी जमीन कोण कसत होते या प्रश्नावर ज्यांचे सर्वस्व अवलंबून होते त्यांत या भागातील कातकरी आणि ठाकूरही होते, आणि त्यांच्यापाशी कागद सर्वांत कमी. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला तर त्याच्या खरेपणाविषयी अनुकूल अनुमान करण्याची मुभा न्यायालयास १८७२ च्या पुरावा कायद्याने दिली आणि त्याच्या जागी आलेल्या कायद्यानेही ती ठेवली आहे. ज्याच्याजवळ कागद नाही त्याच्याविरुद्ध जुना भासणारा एखादा कागद किती वजनदार ठरू शकतो हे यावरून ध्यानी येईल. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी मोडी दफ्तरे पुन्हा उघडली गेली, तेव्हाही हाच प्रश्न उपस्थित होतो.

टोकाची साक्ष एकटी मात्र घेऊ नये. ती कागद फार तर अमुक काळापूर्वीचा नाही एवढेच सांगते. टाकाने लिहिलेला कागद जुना आहे असे ती कधीच म्हणत नाही, कारण टाक आजही मिळतो. तिला मजकुरातील साक्षीची जोड हवी. कर्जत तालुका १८९१ मध्ये ठाणे जिल्ह्यातून कुलाबा जिल्ह्यात आला, आणि कुलाब्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. शेलूचा १८८५ चा म्हणून दाखविलेला कागद जिल्हा कुलाबा म्हणत असेल तर भिंग काढावयाचीही गरज नाही. उलट खऱ्या मूळ कागदावर नंतरच्या अधिकाऱ्याने बॉलपेनने शेरा मारला असेल किंवा नक्कल करणाऱ्याने जुन्या मजकुराची प्रत काढली असेल, तर तेवढ्यावरून मूळ खोटे ठरत नाही. अ‍ॅन फ्रँकच्या रोजनिशीचे उदाहरण याबाबत सुपरिचित आहे. १९८० मध्ये जर्मन शासकीय तज्ज्ञांना त्या कागदांत काही दुरुस्त्या बॉलपेनच्या शाईत आढळल्या, आणि रोजनिशी बनावट असल्याची आवई उठविणाऱ्यांनी त्याचा गाजावाजा केला. पुढील तपासात बॉलपेनचे मजकूर दोन चिटोऱ्यांवरच निघाले आणि ती मागाहून पानांत ठेवली गेली होती. रोजनिशीचा मजकूर अस्सल ठरला. गोळीची खूण खरी होती. ती कोणत्या कागदावर आहे हे पाहण्याचे मात्र राहून गेले होते.

याच कारणास्तव छायाप्रतीवर भिस्त ठेवणे आम्हांस धोक्याचे वाटते. महसुली दफ्तरांचे संगणकीय चित्रण होत आहे, आणि कुजत चाललेल्या बांधांच्या दृष्टीने ते आवश्यकही आहे. परंतु चित्रात काळे आणि निळे उमटते, चर उमटत नाही. बुडीची लाट कशीबशी दिसते, टाकाचे जोडरूळ पुष्कळदा एकच जाड रेघ होऊन जातात, आणि पावतीच्या मागील कोऱ्या बाजूवरचा उठाव, जो बोटाने सहज कळला असता, तो चित्रण करणाऱ्याच्या कामाच्या कक्षेतच येत नाही.