आटे कुणी जुळवले?

पूल किंवा स्नूकर या खेळात चेंडूला टोला देण्यासाठी जी लाकडी काठी वापरतात तिला क्यू म्हणतात. हा खेळ आपल्याला परका वाटतो, पण स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला, आणि याच कुळातल्या बिलियर्ड्समध्ये पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली हौशी खेळाडूंचे जगज्जेते झाले. आपला विषय मात्र खेळ नाही. त्या काठीच्या मधोमध असलेला एक छोटासा सांधा आहे.

पूलची काठी साधारण ५८ इंच लांब असते. नेण्या-आणण्याच्या सोयीसाठी ती दोन भागांत करतात. मागच्या जाड भागात आटे असलेली पिन पक्की बसवलेली असते. पुढच्या निमुळत्या भागाला आतून आटे पाडलेले भोक असते. काही फेरे फिरवले की काठी एकसंध होते. पण पिन वाकली किंवा भोकातले आटे गेले की पंचाईत होते. पिनांची मापे अनेक आहेत: ५/१६ इंच व्यास आणि इंचाला १४ किंवा १८ आटे, ३/८ इंच व्यास आणि इंचाला १० किंवा ११ आटे. यांपैकी ५/१६ ला १८ हे माप नेहमीच्या तक्त्यांत सापडते. बाकीच्यांचे टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचे हत्यार, साध्या दुकानात मिळत नाहीत. नगरच्या (आता अहिल्यानगरच्या) औद्योगिक वसाहतीत असा टॅप मागितला तर दुकानदार बहुधा मीटर पद्धतीचा एम-८ किंवा एम-१० पुढे करील.

'जवळपास तेवढाच आहे, चालवून घ्या' असे इथे का चालत नाही? ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. एम-८ चा व्यास ८ मिलिमीटर. फरक केसाएवढा. पण खरी गोष्ट पिचची, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधल्या अंतराची आहे. इंचाला १८ आटे म्हणजे १.४१ मिलिमीटर पिच. एम-८ ची पिच १.२५. प्रत्येक आट्यामागे ०.१६ मिलिमीटरचा फरक पडतो. चार आट्यांत तो ०.६४ होतो, म्हणजे जवळजवळ अर्धा आटा. खाचेत जायचा दात दुसऱ्या दातावर येतो. बोल्ट त्याआधीच अडकतो, आणि जोर लावला तर आटे खरवडले जातात.

मग इतकी मापे झालीच कशी? त्यासाठी जरा मागे जायला हवे.

प्रत्येक बोल्टला आपलाच नट

विजापूरच्या बुरुजावरची मुलूख-मैदान तोफ १५४९ साली निजामशाहीच्या अहमदनगरात ओतली गेली. तिचे वजन सुमारे ५५ टन आहे. एवढा धातू एका साच्यात ओतण्याचे कौशल्य त्या काळी या गावात होते. मात्र एकमेकांच्या जागी बसतील असे दोन स्क्रू बनवणे तेव्हा जगात कुठेच सहज शक्य नव्हते. स्क्रू हाताने कानसून बनत. प्रत्येक बोल्टला त्याचाच नट लागे.

हे चित्र १८०० च्या सुमारास बदलू लागले. लंडनच्या हेन्री मॉडस्ली यांनी आटे कापणारा लेथ परिपूर्ण केला. या यंत्रात एक अचूक मळसूत्र हत्याराला पुढे सरकवते. काम एक फेरा फिरते तेव्हा हत्यार किती सरकेल हे दातेरी चक्रांवर ठरते. चक्रे बदलली की पिच बदलते. आता एकच माप पुन्हा पुन्हा काढता येऊ लागले. पण प्रत्येक कारखाना आपापले माप काढत होता.

व्हिटवर्थ यांची सरासरी

मॉडस्ली यांच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी यावर तोडगा काढला. त्यांनी इंग्लंडमधल्या निरनिराळ्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, मोजले आणि मधली मापे निवडली. १८४१ साली त्यांनी ही पद्धत इंजिनियरांच्या संस्थेपुढे मांडली. आट्याचा कोन ५५ अंश, शेंडे आणि बुडे गोलसर, आणि प्रत्येक व्यासाला इंचामागे ठरलेले आटे. यातला कोणताही आकडा निसर्गनियमातून आलेला नाही. जे चालू होते त्यातले बहुतेकांना पटेल असे त्यांनी निवडले. जगातले पहिले राष्ट्रव्यापी आटे असे सरासरीतून ठरले.

अमेरिकेत १८६४ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनी दुसरी पद्धत सुचवली. त्यांचे म्हणणे असे, की ५५ अंशांचा कोन साध्या कारागिराला तपासणे कठीण आणि गोल शेंडे करणे त्याहून कठीण. म्हणून त्यांनी ६० अंश, म्हणजे समभुज त्रिकोणाचा कोन, आणि सपाट शेंडे घेतले. दोघांचे तर्क बिनचूक होते. फक्त एकमेकांशी जुळत नव्हते. अर्ध्या इंचाच्या बोल्टला व्हिटवर्थ यांच्या पद्धतीत इंचाला १२ आटे, तर सेलर्स यांच्या पद्धतीत १३. युरोप खंडात मिलिमीटरचे आटे रुळले. १८९८ साली झुरिकच्या परिषदेने त्यांची पद्धत आखून दिली.

या एका आट्याच्या फरकाची किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. ब्रिटनचे मर्लिन हे विमानाचे इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवायचे ठरले. सुटे भाग दोन्ही देशांत अदलाबदलीने वापरता यावेत म्हणून आटे ब्रिटिशच ठेवायचे होते. पण त्या मापांचे टॅप आणि डाय अमेरिकेत मिळेनात. शेवटी पॅकार्डला ती हत्यारे स्वतःच बनवावी लागली. युद्धानंतर, १८ नोव्हेंबर १९४८ रोजी, ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी ६० अंशांच्या एकीकृत आट्यावर सह्या केल्या.

नगरमधले तीन आटे

त्याच १९४८ साली सैन्याचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल नगरला आकाराला आले. लष्करी वाहनांची तपासणी करणारी संस्थाही फाळणीनंतर चकलालाहून इथेच आली. तिचीच पुढे वाहन संशोधन आणि विकास संस्था झाली. नगरच्या रणगाडा संग्रहालयात (स्थापना १९९४) आज एका आवारात ब्रिटिश व्हॅलेंटाइन आणि चर्चिल उभे आहेत, आणि १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हाती आलेले अमेरिकी पॅटनही. मुले तोफांकडे बघतात. मला मात्र त्यांच्या बोल्टांकडे बघावेसे वाटते. व्हॅलेंटाइन व्हिटवर्थ यांच्या परंपरेतला, पॅटन सेलर्स यांच्या. पुढे सोव्हिएत टी-५५ सैन्यात आले तेव्हा मीटरचे आटे आले. तीन देशांचे रणगाडे सांभाळायचे म्हणजे तीन तऱ्हांचे पाने, तीन तऱ्हांचे टॅप आणि तीन तऱ्हांचे नट-बोल्ट वेगवेगळ्या खणांत ठेवणे. एक डबा चुकीच्या खणात गेला की चांगले यंत्र उभे राहते.

आपल्या देशाने या गोंधळातून निवड केली. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली, १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि आयएस ४२१८ या मानकाने मीटरचे आटे आपलेसे केले. तरी जुने करार पुरते मोडले नाहीत. घरातल्या नळाचे आटे आजही व्हिटवर्थ यांच्या ५५ अंशांचेच आहेत. 'अर्ध्या इंची' पाइपाला इंचाला १४ आटे असतात. सायकलच्या पायडलचा आटा ९/१६ इंचाला २०, आणि कॅमेऱ्याच्या तिपाईचा १/४ इंचाला २०. ही मापे जुनी असली तरी सगळ्या जगाने ती मान्य केली आहेत, म्हणून त्यांचे काही अडत नाही.

क्यूच्या पिनेबाबत असा करार कधी झालाच नाही. प्रत्येक निर्मात्याने आपल्याला योग्य वाटले ते निवडले. त्यामागे कारणही होते. लाकडात बारीक आट्यांचे दात लगेच तुटतात. म्हणून ३/८ इंचाला प्रमाण मापाप्रमाणे १६ आटे न घेता कुणी १० घेतले, कुणी ११.

टॅप मिळत नाही तेव्हा

जिथे करार नाही तिथे लेथवरचा टर्नर लागतो. तो टूल स्टीलच्या सळईवर इंचाला १० आटे कापतो, उभ्या खाचा पाडून कापणाऱ्या धारा काढतो आणि पोलाद लाल करून पाणी देतो. लाकडापुरता टॅप तयार होतो. मात्र लेथचे मळसूत्र मीटरचे असेल तर अडचण येते. इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, हे १९५९ सालच्या आंतरराष्ट्रीय करारापासून ठरलेले आहे. २५.४ म्हणजे १२७ भागिले ५. आणि १२७ ही मूळ संख्या. तिचे अवयव पडत नाहीत. म्हणून मीटरच्या लेथवर इंचाचा आटा तंतोतंत काढायला १२७ दातांचे चक्र लागते. मूळ संख्या कुठे उपयोगी पडतात, असे मुलांनी विचारले तर हे चक्र दाखवावे.

टॅपनंतर खरी कसोटी पिन बसवण्याची. भोक हाताच्या ड्रिलने पाडून चालत नाही. काठी लेथमध्ये धरून, अक्ष साधून भोक पाडतात, तोंड काटकोनात छाटतात आणि पिन इपॉक्सीने चिकटवतात. पिन ०.१ अंशाने जरी कलली, तरी २९ इंच लांबीच्या पुढच्या भागाचे टोक सुमारे १.३ मिलिमीटर बाजूला जाते. खेळाडूला ती काठी वाकडी वाटते, आणि ते खरेच असते.

वर्गात करून पाहा

काटकोन त्रिकोणाचा कागद पेन्सिलीभोवती गुंडाळा. कर्णाची रेघ म्हणजे आटा, हे मुलांना लगेच दिसेल. मग घरून जुने बोल्ट आणायला सांगा. बोल्टावर कागद दाबून पेन्सिल घासा. कागदावर उमटलेल्या ११ रेघांमधले अंतर, म्हणजे दहा आट्यांची लांबी, पट्टीने मोजा आणि दहाने भागा. १.२५ किंवा १.५ आले तर बोल्ट बहुधा मीटरचा; १.४१ किंवा १.५९ आले तर इंचाचा. १.५ आणि १.५९ यांतला फरक ओळखायला दहा आट्यांची लांबी नीट मोजावी लागते, आणि मोजमाप काळजीने का करायचे हे मुलांना सांगण्यापेक्षा असे हातून कळलेले बरे. पायडलचे आटेही पाहा. एका बाजूचे पायडल उलट्या दिशेने घट्ट होते. ते तसे का, हा प्रश्न मुलांनाच सोडवू द्या.