एकट्याच्या वाद्यवृंदाची कुळकथा

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की बिंदुसरेच्या धरणाकाठी पाली लागते आणि पुढे मांजरसुंब्याच्या बाजूस मन्मथस्वामींचे कपिलधार. या टापूत एका हाती एकतारी व दुसऱ्या हाती चिपळ्या घेऊन एकट्याने भजन गाणारा मनुष्य कोणालाच नवखा नाही. स्वर, ताल आणि शब्द या तिन्हींचा कारभार एकाच माणसाने सांभाळण्याची ही रीत जुनी आहे. तिला अडचण एवढीच, की माणसाला हात दोनच असतात. आपल्या खोलीत बसून गिटार, ढोल आणि साथीचा आवाज हे सारे स्वतःच पुरवणारा, ऐकताक्षणी ओठांवर बसेल अशी चाल बांधणारा आणि ध्वनिमुद्रणातील खरखर जशीच्या तशी राहू देणारा जो गायक हल्ली 'लो-फाय' म्हणून ओळखला जातो, त्याचे कुळ ही अडचण दूर करणाऱ्या यंत्राशी जाऊन भिडते.

1941 साली सिडनी बेशे या वादकाने सहा वाद्ये एकामागून एक वाजवून एकाच तबकडीवर चढवली. लेस पॉल या गिटारवादकाने आपल्या घरच्या गॅरेजात गिटारींवर केलेला तोच उद्योग 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे चुंबकीय फीत आली, आणि पॉल मॅकार्टनी या गायकाने 1970 सालच्या आपल्या पहिल्या स्वतंत्र तबकडीचा बराचसा भाग लंडनच्या राहत्या घरी, मिक्सरचा आधार न घेता, मायक्रोफोन थेट मुद्रणयंत्रास जोडून मुद्रित केला. परंतु असे यंत्र घरी आणवणे ही मातब्बरांचीच मिरास होती.

ती मोडली 1979 साली, टिअॅक या जपानी कंपनीच्या पोर्टास्टुडिओने. फिलिप्सने 1963 मध्ये काढलेल्या साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्ट्या असतात, दोन एका बाजूच्या व दोन दुसऱ्या; या यंत्राने चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरल्या आणि फितीचा वेग दुप्पट, म्हणजे सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर केला. तीन पट्ट्यांवर गिटार, ढोल व खर्जाची साथ भरावी, ती तिन्ही चौथीवर एकत्र उतरवावी, आणि मोकळ्या झालेल्या तिन्हींवर पुन्हा नवे आवाज घ्यावेत, अशी त्याची रीत. मात्र प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढते, टिपेचे बारकावे मावळतात, आणि एकदा एकत्र झालेले आवाज पुन्हा वेगळे होत नाहीत. या गाण्यांतील चाली इतक्या ठसठशीत का, याचे कारण माझ्या मते येथेच आहे: ज्या फितीवर नाजूक नाद टिकत नाही, तिच्यावर सुबक चाल आणि स्पष्ट शब्द तेवढे तग धरतात.

1982 च्या जानेवारीत ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाने न्यू जर्सीतील भाड्याच्या घरात याच यंत्रावर काही गीतांचा कच्चा मसुदा घेतला. पुढे वादकांचा ताफा जमवून तीच गीते स्टुडिओत पुन्हा मुद्रित करून पाहिली, तरी मसुद्यातील जिवंतपणा त्यांत उतरेना, तेव्हा अखेर ती कॅसेटच 'नेब्रास्का' या नावाने प्रसिद्ध झाली. लो-फायला प्रतिष्ठेची सनद मिळाली ती अशा प्रसंगांतून. साधनांचा तुटवडा हा गुण नव्हे, परंतु त्यामुळे गीताचे इमान उणावत नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

पालीतल्या तरुणाच्या मामुली मोबाइलमध्ये आज चाराहून कितीतरी अधिक पट्ट्या मिळतात. त्याच्यापाशी चाल असेल, तर त्याने स्टुडिओच्या भाड्यासाठी खोळंबून न राहता ती आपल्याच बोलीत, आपल्याच घरी मुद्रित करावी.