कँटनीज भाषेतील बलदर्शक उभयान्वयी अव्यये

विधानातील एखाद्या घटकावर किंवा दोन वाक्यांतील संबंधावर जोर देण्यासाठी कँटनीज भाषेत योजली जाणारी अव्यये. ग्वांगचौ, हाँगकाँग आणि मकाव ही या भाषेची प्रमुख केंद्रे. कँटनीजमध्ये सहा सूर असून शब्दाचा अर्थ सुरावर ठरतो : ‘सिक’ खालच्या सुरात ‘खाणे’, तर वरच्या सुरात ‘अवगत असणे’. त्यामुळे जोर देण्याचे बरेचसे काम अव्ययांकडे व वाक्यान्ती येणाऱ्या निपातांकडे जाते. ही अव्यये मराठीतील ‘जरी–तरी’प्रमाणे बहुधा जोडीने येतात. (पुढील उदाहरणांत सूर दाखवलेले नाहीत.)

‘लिन–तोउ’ : अर्थ ‘सुद्धा’. ही जोडी काटेकोरपणे उभयान्वयी नाही; ती एकाच वाक्यातील घटक ठळक करते. कँटनीजमध्ये कर्म एरवी क्रियापदानंतर येते. जोर द्यायचा असल्यास ते पुढे आणून या दोन शब्दांच्या मध्ये ठेवतात. ‘खॉय लिन चोउछान तोउ म् सिक’ म्हणजे ‘तो न्याहारीसुद्धा करत नाही’. बोलताना ‘लिन’ गाळता येतो, ‘तोउ’ गाळता येत नाही.

‘चाउस्युन–तोउ’ : अर्थ ‘जरी–तरी’. ‘चाउस्युन लोक यू, ङो तोउ हॉय’ म्हणजे ‘पाऊस आला तरी मी जाणारच’. ‘तोउ’ कर्त्यानंतर व क्रियापदाआधी येतो; कर्त्याच्या आधी ठेवल्यास वाक्य चुकते.

‘म् तानची–चुङ’ : अर्थ ‘इतकेच नव्हे, तर’. ‘खॉय म् तानची सिक कोङ, चुङ सिक से’ म्हणजे ‘त्याला नुसते बोलता येत नाही, लिहिताही येते’. शेवटी ‘थिम’ हा निपात जोडल्यास भर अधिक वाढतो.

‘सिनची’ : अर्थ ‘तेव्हाच, त्यानंतरच’. हे एकटेही येते व आधीची अट पक्की करते. ‘चोउ युन कुङफो सिनची होयी वान’ म्हणजे ‘गृहपाठ झाल्यावरच खेळता येईल’. रोजच्या बोलण्यात त्याचे नुसते ‘सिन’ होते.

यांपैकी ‘चुङ’ व ‘सिनची’ ही खास बोलीतील रूपे आहेत. हाँगकाँगमधील औपचारिक लेखन मुख्यतः प्रमाण लिखित चिनीत होते. तेथे त्यांच्या जागी अनुक्रमे ‘वान’ व ‘छॉय’ असे कँटनीज उच्चार असलेले शब्द लिहिले जातात.