राजा हिज्कीया : श्रद्धा, संकट आणि वारसा

यहूदाच्या राजघराण्यात परमेश्वराशी एकनिष्ठ राहिलेले राजे मोजकेच होते. बेन सिराच्या ग्रंथात दावीद, हिज्कीया व योशीया एवढ्याच तिघांना अपराधी राजांतून वगळले आहे. हिज्कीयाचे चरित्र २ राजे (अध्याय १८-२०), २ इतिहास (२९-३२) व यशया (३६-३९) या ग्रंथांत आढळते.

इ.स.पूर्व आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, वयाच्या २५ व्या वर्षी तो सिंहासनावर आला व त्याने २९ वर्षे राज्य केले. त्याचा पिता आहाज याने अश्शूरचे मांडलिकत्व पत्करून मंदिराची दारे बंद केली होती. पुत्राने पहिल्याच वर्षी ती उघडली. त्याने मूर्तिपूजेची स्थाने मोडली. लोक मोशेने केलेल्या पितळी सर्पापुढे धूप जाळू लागले होते, म्हणून तोही त्याने फोडून टाकला. पवित्र वस्तूदेखील परमेश्वराची जागा घेऊ शकत नाही, हा त्यामागील अर्थ होय. इ.स.पूर्व ७२२ च्या सुमारास उत्तरेकडील इस्राएल राज्य लयास गेले. तेथे उरलेल्या बांधवांनाही त्याने पास्काच्या सणाला यरुशलेमेत बोलावले. काहींनी दूतांची थट्टा केली, तर काही नम्रपणे आले.

पुढे हिज्कीयाने अश्शूरविरुद्ध बंड केले. इ.स.पूर्व ७०१ मध्ये सन्हेरीब राजाने यहूदाची तटबंदी नगरे घेतली. लाखीशच्या पाडावाची शिल्पे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हिज्कीयाने तीनशे किक्कार रुपे व तीस किक्कार सोने खंडणी दिली. त्यासाठी मंदिराच्या दारांवरील सोनेही काढावे लागले. तरीही शत्रू हटला नाही. तेव्हा शत्रूचे पत्र मंदिरात परमेश्वरापुढे उलगडून त्याने प्रार्थना केली. यशया संदेष्ट्याने त्याला धीर दिला आणि यरुशलेम वाचले. सन्हेरीबाचा स्वतःचा शिलालेखही ४६ नगरे जिंकल्याचे सांगतो. यरुशलेम जिंकल्याचे सांगत नाही.

प्रार्थनेबरोबर त्याने तयारीही केली होती. गीहोन झऱ्याचे पाणी नगरात आणण्यासाठी खडकातून सुमारे ५३३ मीटर लांबीचा बोगदा खोदण्यात आला. कामगार दोन्ही टोकांकडून खोदत येऊन मध्ये भेटले, असे १८८० साली आत सापडलेल्या हिब्रू शिलालेखात कोरलेले आहे. हा लेख आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. पाणी जेथे पोचते, त्या शिलोहाच्या तळ्यावरच प्रभू येशूने जन्मांधाला धुण्यास पाठविले (योहान ९). हिज्कीयाच्या नावाची मातीची मुद्राही यरुशलेमेत सापडली असून ती २०१५ साली जाहीर झाली.

तो निर्दोष मात्र नव्हता. प्राणघातक आजारातून उठून त्याला १५ वर्षांचे आयुष्य लाभले. पण बाबेलच्या दूतांना त्याने आपली सारी भांडारे मोठ्या डौलाने दाखविली. हे सर्व एके दिवशी बाबेलला नेले जाईल, असे यशयाने बजावले. आपल्या हयातीत शांती राहील, एवढ्यावर राजाने समाधान मानले. त्याचा पुत्र मनश्शे याने पित्याने मोडलेली उच्चस्थाने पुन्हा उभारली.

आजारातून उठल्यावरचे त्याचे गीत (यशया ३८) ख्रिस्तसभा आजही प्रातःप्रार्थनेत म्हणते. संत मत्तयने दिलेल्या येशूच्या वंशावळीत त्याचे नाव आहे. संकटात गुडघे टेकणारा हा राजा सुखाच्या दिवसांत गाफील राहिला. आपल्या श्रद्धेचा वारसा मुलाबाळांपर्यंत पोचतो आहे का, हा प्रश्न त्याचे चरित्र प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाला विचारते.