ओझे ओढणे सोपे, आवरणे कठीण : खानदेशच्या वाटांचा धडा

१/ जळगाव किंवा धुळ्याहून दूरच्या शहरी बिऱ्हाड हलवायचे असेल, तर आपण बहुधा ‘छोटा हत्ती’ किंवा टेम्पो ठरवतो. अमेरिकेतील कुटुंब अनेकदा आपल्याच लहान एसयूव्हीमागे भाड्याचा ट्रेलर जोडते आणि शेकडो मैल निघते. एकीकडे सामान वाहनाच्या पाठीवर, दुसरीकडे वाहनाच्या मागे. ही निवड मोटारीपेक्षा फार जुनी आहे आणि खानदेशाने ती शतकानुशतके केली आहे. हा धागा त्या निवडीचा.

२/ आधी भूगोल. खानदेश म्हणजे तापीचे खोरे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेस सह्याद्रीचे फाटे. नदीच्या काठाने पूर्व-पश्चिम चालावे, तर वाट बरीचशी सपाट. उत्तर-दक्षिण जायचे म्हटले, की घाट चढणे आणि उतरणे अटळ. या प्रदेशात चाक कुठे चालले आणि कुठे अडले, हे प्रामुख्याने याच रचनेने ठरवले.

३/ सतराव्या शतकात सुरतेहून आग्र्यास जाणारा एक मोठा मार्ग याच खोऱ्यातून जात असे. फ्रेंच जवाहिर व्यापारी झाँ-बाप्टिस्ट तावेर्निये याने तो नोंदवून ठेवला आहे : नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा आणि पुढे बुऱ्हाणपूर. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, अशीही त्याची नोंद आहे. त्याचा प्रवासग्रंथ १६७६ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला.

४/ हिंदुस्थानातील मालवाहतुकीविषयी त्याने लिहिलेला तपशील आपल्या विषयासाठी अमोल आहे. जड मालाच्या गाड्यांना दहा-बारा बैल जुंपलेले असत. प्रत्येक गाडीबरोबर चार शिपाई चालत आणि त्यांचा पगार मालाच्या धन्याला द्यावा लागे. गाडीवरून दोन दोर टाकलेले असत. त्यांची चार टोके दोन्ही बाजूंना चालणाऱ्या या चौघांच्या हाती. वाईट वाटेवर गाडी एका अंगाला कलू लागली, की विरुद्ध बाजूचे दोघे दोर ताणून तिला सावरत.

५/ हा हिशेब नीट पाहा. बैलांचे काम ओढण्याचे, माणसांचे काम आवरण्याचे. बैल वाढवले तर गाडी पुढे जाईल. पण ती कलू लागली, तर ते बैल तिला वाचवू शकत नाहीत. म्हणून आवरण्यासाठी वेगळी व्यवस्था आणि वेगळा खर्च. त्या काळच्या व्यापाऱ्याने हा खर्च अनाठायी मानला नाही, कारण एक उलटलेली गाडी चार शिपायांच्या पगाराहून महाग पडे.

६/ दुसरी पद्धत पाठीवरची. लमाण-बंजाऱ्यांचे तांडे धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून देशभर फिरत. दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे तावेर्निये सांगतो. गाड्यांचे काफिले मात्र फार तर शंभर-दोनशे गाड्यांचे. अरुंद वाटेवर असा तांडा आणि गाड्यांचा काफिला समोरासमोर आले, तर एकाला दोन-तीन दिवससुद्धा थांबून राहावे लागे.

७/ गोण्यांच्या बैलाला चाक नसते, म्हणून त्याला ब्रेकही लागत नाही. ओझे त्याच्याच चार पायांवर असते. उतारावर तो स्वतः सावरला, की ओझेही सावरते. एखादा बैल घसरला, तर एका बैलाचेच नुकसान होते. मागचे ओझे पुढच्यावर येऊन आदळत नाही. परतताना तांडा रिकामाही येत नसे : समुद्राकडून मीठ आत, आतून धान्य बाहेर. आजचा ट्रकवाला ज्याला ‘परतीचे भाडे’ म्हणतो, ते गणित तांड्याने केव्हाच सोडवले होते.

८/ म्हणून ‘चाक असताना लोक पाठीवर ओझे का वाहत होते’ या प्रश्नाचे उत्तर मागासलेपणात शोधणे चूक आहे. सपाट खोऱ्यात गाडी फायद्याची, घाटात पाठ फायद्याची. दोन्ही पद्धती एकाच काळी, एकाच प्रदेशात नांदत होत्या.

९/ गाडीवानाजवळही आवरण्याचे ज्ञान होते. ओझे मागे जास्त झाले, की गाडी ‘उलार’ होते : मागचा भाग खाली बसतो, पुढची दांडी वर उचलली जाते आणि जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते. ओझे फार पुढे घेतले, तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून जाणता गाडीवान माल असा रचतो, की मानेवर थोडा, पण थोडाच, दाब राहील.

१०/ १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठाणे केले. पुढे मुंबई-आग्रा रस्ता याच शहरावरून गेला. घाटांतून गाडीरस्ते झाले तसे चाक डोंगर ओलांडू लागले. एक गाडी अनेक बैलांच्या पाठीवरचा माल नेई, त्यामुळे तांड्यांची गरज घटली. रेल्वेने उरलेसुरले काम काढून घेतले. ज्यांच्या धान्यावर दख्खनमधील फौजा पोसल्या गेल्या, त्या बंजाऱ्यांच्या काही गटांवर पुढे काही प्रांतांत गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का बसला.

११/ रेल्वेलाही जुनाच प्रश्न भेटला. खानदेशातून मुंबईकडे जाणारी गाडी कसाऱ्याचा थळ घाट उतरते. हा लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाला. त्याचा तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट, म्हणजे रेल्वेच्या दृष्टीने भयंकर. चढण्यासाठी जादा इंजिने जोडता आली. उतरण्यासाठी निराळा उपाय करावा लागला. उतारावर ठरावीक जागी गाडीने थांबलेच पाहिजे. थांबता आले नाही, तर सांधे तिला आपोआप चढावर जाणाऱ्या एका बाजूच्या रुळावर वळवतात आणि तिचा वेग तिथे जिरतो. तावेर्नियेच्या गाडीवरील दोरांचे हे लोखंडी रूप म्हणता येईल.

१२/ याच सुमारास, १८६९ मध्ये, अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस याने हवेच्या दाबावरील ब्रेकचे पेटंट घेतले. काही वर्षांत त्याने त्यात निर्णायक सुधारणा केली : डबे तुटून नळी सुटली, तर ब्रेक आपोआप लागावा. मागचे ओझे स्वतःच स्वतःला आवरेल, ही कल्पना इथून वाहतुकीत रुजली.

१३/ आता एसयूव्हीकडे येऊ. १९४५ मध्ये अमेरिकेत ‘यू-हॉल’ ही कंपनी सुरू झाली. एका गावी ट्रेलर भाड्याने घ्यायचा आणि दुसऱ्या गावी परत करायचा, ही तिची युक्ती. रिकामे परतण्याचा प्रश्न त्यात मिटला. पण उलार होण्याचा प्रश्न मिटला नाही. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर यावा, असे तिकडे शिकवतात. मागे भार जास्त झाला, तर वेगात ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झोले खाऊ लागतो आणि हलक्या गाडीला स्वतःबरोबर फरफटवतो. युरोपात स्वतःचे ब्रेक नसलेल्या ट्रेलरला ७५० किलोची कमाल मर्यादा आहे. इंजिन किती ओढू शकते, हा प्रश्न इथेही दुय्यम ठरतो.

१४/ आपण २००५ मध्ये बाजारात आलेल्या टाटा एसला ‘छोटा हत्ती’ म्हटले, यातही पाठीवर ओझे वाहणाऱ्या जनावराचेच चित्र आहे. मागे जोडून ओढण्याची परंपरा आपल्याकडे ट्रॅक्टरने टिकवली. रावेर-यावलची केळी, शिवारातला कापूस, कारखान्याचा ऊस, सारे ट्रॉलीतून जाते. मात्र अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात आणि उसाला तर एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडल्या जातात. सपाटीवर ते निभावते. उतार आला, की मागचे सारे वजन पुढच्या ट्रॅक्टरला ढकलू लागते.

१५/ ४ जुलै २०२३. धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळ, मुंबई-आग्रा महामार्गावरील पळासनेर. सातपुड्याच्या बाजूने येणाऱ्या एका कंटेनर ट्रकचे ब्रेक निकामी झाल्याची बातमी आली. वाटेतील वाहनांना धडकून तो रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान १० जणांचा बळी गेला. तो ट्रक सातपुडा चढू शकत होता, शक्तीची त्याला वाण नव्हती. उताराच्या शेवटी मात्र दोर धरणारे कोणी नव्हते.

१६/ वाहतुकीचा इतिहास बहुधा शक्तीचा इतिहास म्हणून सांगितला जातो : बैल, वाफ, डिझेल. खानदेशच्या वाटा त्याची दुसरी बाजू दाखवतात. प्रत्येक नव्या शक्तीबरोबर तिला आवरण्याची सोय करावी लागली आणि ती सोय जिथे खर्चातून वगळली, तिथे किंमत बहुधा वाटेवरच्या परक्या माणसांनी मोजली. तुमच्या घरी किंवा गावात कोणी बैलगाडी हाकलेली असेल, तर त्यांना एवढेच विचारा : भरली गाडी उतारावर कशी आवरत होता? उत्तर खाली जरूर लिहा. ते शब्द आणि त्या युक्त्या फारशा कुठे लिहून ठेवलेल्या नाहीत.